कॅप बसली, पण काठ बसला का?

धातूची कॅप बसवून माणूस घरी येतो. ओसरीवर कुणी विचारतं, "कशी बसली?" तो खिशातून फुटाणा काढतो, नव्या कॅपखाली धरतो आणि कडकन फोडून दाखवतो. "पक्की बसली न बाप्पा!" विषय संपला. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-पांढरकवड्याच्या पट्ट्यात, कॅपची परीक्षा अशीच होते आणि बहुतेकांना ती पुरते.

दातांचा डॉक्टर म्हणून मला त्या फुटाण्याचं फारसं कौतुक नाही. वाईट बसलेली कॅपही फुटाणा फोडते. पहिली काही वर्षं तर मजेत फोडते. तिचं आयुष्य ठरतं खाली, हिरडीच्या कडेला, जिथे धातू संपतो आणि दात सुरू होतो. आम्ही त्या रेषेला मार्जिन म्हणतो, इथे तिला काठ म्हणू. पेशंटला हा काठ दिसत नाही, जिभेला नीट लागत नाही, आरशात सापडत नाही. आणि कॅप खराब होते ती बहुतेकदा तिथूनच.

इथे आपण बोलतोय ते ओतीव धातूच्या कॅपबद्दल. आपल्याकडे ती बहुतेक निकेल-क्रोमियमची असते, काही ठिकाणी कोबाल्ट-क्रोमियमची. रूट कॅनल झालेली दाढ पोकळ आणि ठिसूळ झालेली असते, ती चिरू नये म्हणून हे कवच. वरून पांढरं सिरॅमिक चढवलेली कॅप असते, तिच्याही आत धातूचाच पातळ थर असतो. तेव्हा पुढचं बरंचसं तिलाही लागू आहे.

फट असतेच

पहिली गोष्ट मान्य करून टाकू. दात आणि कॅप यांच्यामध्ये फट नाही अशी कॅप जगात कुणी बनवलेली नाही. प्रश्न फट किती, एवढाच.

ती मायक्रॉनमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे 1 मायक्रॉन. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या दोघांनी 1971 साली हजाराहून जास्त कॅप आणि तत्सम कामांचा पाच वर्षांचा अनुभव तपासून सांगितलं, की काठाची फट 120 मायक्रॉनपर्यंत असेल तर तोंडात निभावतं. तेव्हापासून हाच आकडा जगभर धरला जातो. त्याहून कमी असेल तर उत्तमच. चांगल्या हातांनी ओतलेल्या धातूच्या कॅपला हे जमतं. खरं तर काठाच्या बाबतीत ओतीव धातू हा फार जुना आणि भरवशाचा गडी आहे. 'धातूची म्हणजे गरिबाची' असं जे मानलं जातं, त्यात दिसण्याचा भाग सोडला तर तथ्य नाही. मागच्या दाढेला, जिथे कुणी बघत नाही, तिथे मी अजूनही धातूच सुचवतो. त्यासाठी दातही यंत्राने कमी घासावा लागतो: चावण्याच्या बाजूने 1 ते दीड मिलिमीटर, कडेला अर्धा. सिरॅमिक चढवायचं म्हटलं की धातू आणि सिरॅमिक दोन्हींना जागा द्यावी लागते, आणि ती जागा दातातूनच काढावी लागते.

आता कुणी हुशार वाचक विचारेल, की दातातले जंतू जेमतेम 1 मायक्रॉनचे असतात, मग 120 काय आणि 50 काय, ते शिरणारच. बरोबर आहे. नुसत्या धातूच्या जोरावर जंतू अडत नाहीत. फट भरते सिमेंट, म्हणजे कॅप चिकटवण्याचा मसाला. तोंडात उघडा पडलेला मसाला लाळेने, आंबटाने हळूहळू झिजतो. फट बारीक असेल तर मसाल्याची जेमतेम एक रेघ उघडी राहते. फट रुंद असेल तर पट्टाच उघडा राहतो, तो लवकर धुऊन जातो, त्या खाचेत अन्नाचा थर साचतो, आणि ब्रशचा केस तिथे पोचत नाही. कीड लागते ती त्या थरातून.

आतून सैल, काठाला घट्ट

लोकांची समजूत अशी, की कॅप आतून दाताला करकचून आवळून बसते. बंडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना तर हे अगदी स्वाभाविक वाटतं. धाव चाकापेक्षा जराशी लहान ठेवायची, आगीत लाल करायची, म्हणजे ती फुगते. मग ठोकून चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि लाकडाला असं धरतं की आरे कुरकुरतात.

कॅपचं उलटं आहे. तिला आतून थोडी मोकळीक लागते. दात आणि कॅप यांच्यामध्ये मसाला मावायला हवा, आणि मसाल्यालाही जाडी असते. ती सुमारे 25 मायक्रॉनपर्यंत असावी असं मानक आहे. म्हणून लॅबमध्ये दाताच्या दगडी प्रतिकृतीवर स्पेसर नावाचं रंगासारखं द्रव्य लावतात. त्याचा थर 25 ते 40 मायक्रॉनचा. मात्र ते काठापर्यंत नेत नाहीत, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडेच थांबतात. त्यामुळे कॅप आत मोकळी आणि काठाशी बेताची बसते.

ही मोकळीक ठेवली नाही तर काय होतं? कॅप कोरडी असताना दातावर झकास बसते. डॉक्टर खूश, पेशंट खूश. मग तिच्यात मसाला भरून दाबली की आतल्या मसाल्याला बाहेर निघायला वाट मिळत नाही. तो कॅपला खालून रेटतो, आणि कॅप पूर्ण खाली न जाता थोडी वर तरंगत राहते. मसाला सुकला की कायमची तशीच. पेशंट म्हणतो, "डॉक्टर, मघा बरोबर होती, आता उंच लागून राहिली." तो खरं बोलत असतो.

मग आवळत नाही तर कॅप टिकते कशी? घासलेल्या दाताच्या भिंती जवळजवळ समांतर असतात म्हणून. पुस्तकात दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये 6 अंशांचा कल सांगितलेला असतो. प्रत्यक्ष तोंडात, मागच्या दाढेपाशी, गाल आणि जीभ मध्ये असताना तो 10 ते 20 अंश होतो आणि तेवढं चालतं. त्याहून निमुळता झाला की कॅप चिकट शेवेच्या लाडवाबरोबर वर येते. उंचीही लागते: दाढेला किमान 4 मिलिमीटर. ज्याची दाढ वर्षानुवर्षं किडून हिरडीपर्यंत आली आहे त्याला आम्ही आधी दात बांधून घ्यावा लागेल, पोस्ट (मुळात रोवायची काडी) लागेल असं सांगतो, ते बिल वाढवायला नव्हे. धरायला भिंतच नसेल तर कॅप कशावर थांबणार?

माप: सगळी गोम इथे आहे

लोक कॅप बिघडली की लॅबला किंवा धातूला दोष देतात. माझा अंदाज असा, की बऱ्याच काठांचा निकाल धातू वितळायच्या आधीच लागलेला असतो, माप घेताना, म्हणजे दाताचा ठसा घेताना.

दात घासताना डॉक्टर खाली एक स्पष्ट पायरी काढतो. कॅपचा काठ या पायरीवर टेकायचा असतो. ही पायरी सगळीकडून, विशेषतः दोन दातांच्या मधून आणि मागच्या बाजूने, मापात उमटली पाहिजे. एखाद्या जागी जरी हिरडी आड आली, रक्ताचा थेंब आला, लाळ आली, तर मापात तिथे गुळगुळीत खळगा पडतो. नागपूरच्या लॅबमध्ये बसलेल्या माणसाला तुमचा दात दिसत नाही. त्याला दिसतो तो दगडी साचा. त्यात रेषा पुसट असेल तर तो अंदाजाने ओढतो. दोन कॅपांमधला फरक कधी कधी त्या एका अंदाजाएवढा असतो.

म्हणून माप घेण्याआधी हिरडी बाजूला करायला तिच्या खाचेत बारीक दोरा भरतात, काही मिनिटं ठेवतात, मग काढून लगेच माप घेतात. याला वेळ लागतो आणि थोडं झोंबतं. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरला आधी सांगा. काही दोऱ्यांना लावायच्या औषधात अॅड्रेनालिन असतं, ते अशा माणसाला टाळतात. आणि हिरडी सुजलेली, हात लावताच रक्त येणारी असेल तर त्या दिवशी माप घेण्यात अर्थ नाही. आधी दात साफ करून आठ-दहा दिवस थांबलेलं बरं. पेशंटला हे पटत नाही. "इतक्या दुरून आलो, आजच घेऊन टाका न माप." घेता येतं. पण मग फटही तेव्हाच पदरात पडते.

इथे खर्र्याबद्दल बोलावंच लागेल, कारण विदर्भात कॅपच्या मापाचा सगळ्यात मोठा शत्रू तोच आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा गालात धरून ठेवला की सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर हळूहळू पांढुरकं, ताठ होत जातं. त्याखाली दोरखंडासारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडणं कमी होत जातं. धडधाकट माणसाचं तोंड साधारण 40 मिलिमीटर किंवा जास्त उघडतं, आपली तीन बोटं उभी मावतात. खर्रा खाणारी कितीतरी तरुण पोरं माझ्यासमोर बसतात ज्यांच्या तोंडात दोन बोटं मावत नाहीत. आता अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत घासायचं यंत्र सरळ धरताच येत नाही, ते तिरकं जातं. भिंती तिरक्या होतात, मागची पायरी दिसत नाही, मापाचा ट्रे आत जाताना ओठाला अडकतो आणि बाहेर काढताना माप ताणलं जातं. त्यात गाल इतका ताठ असतो की आरशाने ओढला तरी हलत नाही. अशा पेशंटला मी स्पष्ट सांगतो, की कॅप दुसऱ्या कोणाच्या तोंडात जशी बसेल तशी तुझ्या तोंडात बसवून दाखवायची हमी कुणी देऊ नये. हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो, ती गोष्ट याहून कितीतरी मोठी आहे. तंबाखूने आणखी एक घोटाळा होतो. हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या राहतात, त्यामुळे आतून रोग असला तरी रक्त फारसं येत नाही आणि हिरडी ठीक असल्याचा भास होतो.

आता मापाचा मसाला. स्वस्त आणि सगळीकडे मिळतो तो अल्जिनेट, पाण्यात कालवायची गुलाबी-हिरवी भुकटी. त्यात बहुतांश पाणीच असतं. हवेत ठेवलं की पाणी उडून माप आकसतं, ओल्या फडक्यात जास्त भिजलं की पाणी पिऊन फुगतं. त्यात दगड, म्हणजे साचा करायचं प्लॅस्टरसारखं द्रव्य, काही मिनिटांत ओतायला हवा. आता विचार करा, मे महिना आहे, बाहेर 45 अंश, आणि माप पिशवीत घालून दुपारच्या एसटीने नागपूरला निघालंय. संध्याकाळी लॅबमध्ये पोचेपर्यंत त्या मापात तुमचा दात उरलेला नसतो. समोरच्या जबड्याचा साचा काढायला अल्जिनेट ठीक, तेही दवाखान्यातच लगेच दगड ओतून. कॅपच्या मुख्य मापाला ते वापरणं मला पटत नाही.

सिलिकॉनचं माप महाग पडतं, पण ते आकार धरून ठेवतं. त्यातही दोन जाती आहेत. एक सुकताना अल्कोहोल सोडते आणि त्याबरोबर थोडी आकसते. दुसरी, अॅडिशन सिलिकॉन, आठवडाभर ठेवली तरी फारशी बदलत नाही. खेड्यापाड्यातल्या दवाखान्याला, जिथून लॅब शंभर-दीडशे किलोमीटरवर आहे, ही दुसरीच सोयीची. तिची एक खोड आहे: लॅटेक्सचे हातमोजे घालून कणीक मळावी तशी ही पुटी मळली, की मोज्यातल्या गंधकाने ती नीट सुकतच नाही, पृष्ठभाग चिकट राहतो. डॉक्टर किंवा मदतनीस त्या वेळी मोजे बदलताना दिसले तर त्याचं कारण हे.

भट्टीत काय होतं

लॅबमध्ये दगडी दातावर मेणाची कॅप घडवतात, ती एका खास मातीसारख्या द्रव्यात पुरतात, भट्टीत मेण जाळून काढतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू घुसवतात. बस्तरकडचे ढोकरा कारागीर मूर्ती करतात ती याच पद्धतीने. दातांच्या कामात तिला रुळवलं शिकागोच्या विल्यम टॅगर्ट यांनी, 1907 साली.

अडचण लोहाराला ठाऊक असलेलीच आहे: धातू थंड होताना आकसतो. सोन्याचे मिश्रधातू सुमारे दीड टक्का, निकेल-क्रोमियम 2 टक्क्यांहून थोडं जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दाढ 10 मिलिमीटर रुंद धरली तर ही 200 मायक्रॉनहून मोठी चूक झाली. काहीच केलं नाही तर अशी कॅप दातावर चढणारच नाही. म्हणून ज्या द्रव्यात मेण पुरतात ते तेवढंच फुगणारं निवडतात. त्यात सिलिका असते. ते घट्ट होताना थोडं फुगतं आणि भट्टीत तापल्यावर आणखी. सिलिकाचा क्वार्ट्झ हा प्रकार 573 अंश सेल्सिअसला आपल्या स्फटिकांची ठेवण बदलतो आणि एकदम पसरतो. साचा जितका पसरला तितका धातू आकसला, की हिशेब जुळला.

हा हिशेब हाताने जुळवायचा असतो. भुकटीत घालायच्या खास द्रवात पाणी जास्त मिसळलं की फुगणं कमी होतं, आणि कॅप लहान येते. भट्टी घाईने तापवली तर साच्याला तडे जातात आणि धातूला पाखं फुटतात. चांगला तंत्रज्ञ धातू बदलला की द्रवाचं प्रमाणही बदलतो. स्वस्तात आणि उद्याच हवी असलेली कॅप बनवणारा ते करेलच असं नाही.

हल्ली शहरातल्या लॅबमध्ये कोबाल्ट-क्रोमियमची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून कॅप बनवतात, तोंडात कॅमेरा फिरवून मापही घेतात. त्यात मेणाची आणि भट्टीची भानगड नाही. चांगली गोष्ट आहे. फक्त हिरडीखाली लपलेली पायरी कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

पेरणी आणि पोकळ जागा

माप दिल्यापासून कॅप येईपर्यंत घासलेल्या दातावर तात्पुरती प्लॅस्टिकची टोपी असावी. ती नुसती झाकायला नसते, जागा राखायला असते. दात स्थिर दिसतात, पण शेजारी किंवा समोर टेकायला काही नसलं की ते सरकतात, समोरचा दात खाली उतरतो. काही आठवड्यांतलं एवढं सरकणंही पुरतं, की मापाबरहुकूम आलेली कॅप आत जात नाही.

आमच्याकडे हे दर वर्षी होतं. मे अखेरीस माप दिलेलं असतं, मग मिरगाचा पाऊस येतो, पेरणी, डवरणी, निंदण. तात्पुरती टोपी कधीच निघून गेलेली असते. माणूस येतो पोळ्याच्या आसपास. कॅप डब्यात वाट पाहत असते आणि दोन्ही बाजूंनी अडते. तेव्हा कॅप घासून चढवता येते कधी कधी, पण अनेकदा माप पुन्हा घेणंच बरं. माझं सांगणं इतकंच, की शेतीचं वेळापत्रक डॉक्टरला आधी सांगा. कापूस विकल्यावर, माघ-फाल्गुनात सलग दोन-तीन वेळा येता येणार असेल तर काम तेव्हाच सुरू करू.

बसवायच्या दिवशी

या दिवशी घाई करू नये, डॉक्टरनेही आणि पेशंटनेही. कॅप पूर्ण खाली जात नसेल तर पहिला संशय शेजारच्या दातांशी होणाऱ्या स्पर्शावर घ्यायचा. तिथे धातू जरा जास्त असला की कॅप दोन दातांत अडकून अधांतरी राहते, आणि काठ उघडा दिसतो. काठाचा यात काही दोष नसतो. दोन दातांतून फ्लॉसचा धागा हलका अडखळत जायला हवा. मुळीच गेला नाही तर घट्ट, सरळ घसरला तर सैल, आणि सैल जागेत तुरीच्या डाळीचं टरफल रोज अडकतं.

मग आतली बाजू. पातळ सिलिकॉनचा पांढरा लेप आत लावून कॅप दाताला दाबतात. काढून पाहिली की जिथे लेप पूर्ण पुसला जाऊन धातू चमकतो तिथे ती घासते आहे. तेवढाच ठिपका घासायचा आणि पुन्हा पाहायचं. हा खेळ दोन-चार वेळा चालतो.

मग काठ. अणकुचीदार प्रोब दातावरून कॅपवर आणि कॅपवरून दातावर असा फिरवतात. दोन्ही वेळा टोक अडलं तर मध्ये फट आहे. दातावरून जाताना अडलं तर कॅपचा काठ बाहेर आलाय, तो हिरडीला टोचत राहील. कॅपवरून उतरताना अडलं तर काठ आखूड पडलाय आणि घासलेला दात उघडा आहे. एक्स-रे दोन दातांमधला काठ दाखवतो, बाकीचा नाही, कारण धातूआडचं काही त्यात दिसत नाही. काठ फार खोलही नको. हाडाच्या वर हिरडीला चिकटून राहायला सुमारे 2 मिलिमीटर जागा लागते. तिच्यात काठ घुसवला तर कितीही सुंदर बसलेली कॅप असो, हिरडी कायम लाल राहते.

शेवटी चावा. कार्बनसारखा रंगीत कागद चावायला देतात, उंच जागी डाग पडतो. माणसाला दातांमधली 20 मायक्रॉनची वस्तूही जाणवते. रूट कॅनलने नस काढलेल्या दातालाही ती जाणवते, कारण ही जाणीव दाताच्या नसेत नसून मुळाभोवतीच्या धाग्यांत असते. म्हणून "नस तर काढली, मग उंच कसं लागेल?" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मात्र तोंड सुन्न असताना दिलेलं "बरोबर वाटते" हे उत्तर कच्चं धरावं. सुन्नपणा उतरल्यावर दुसऱ्या दिवशी उंच लागलं तर सांगायला लाजू नये.

मसाला आत थापायचा नसतो, पातळ थर पुरतो. मसाला सुकेपर्यंत कापूस दाबून चावून धरायचं, मग बाहेर आलेला मसाला काढायचा, दोन दातांमधलाही. तिथे राहिलेला खडा पुढे हिरडी सुजवतो आणि दोष कॅपला जातो.

न दुखणारी दाढ

सैल काठाची गंमत ही, की तो ओरडत नाही. जिवंत दात असेल तर थंड पाण्याने कळ येते, माणूस दवाखाना गाठतो. पण कॅप बहुतेकदा रूट कॅनल झालेल्या दाढेवर असते, आणि तिला कीड लागली तरी दुखायला नस शिल्लक नाही. काठाखालून दात मऊ होत जातो, वर धातू चकाकत असतो, फुटाणे फुटत असतात. मग एक दिवस भाकर खाताना कॅप हातात येते आणि तिच्यात दाताचा वरचा तुकडा तसाच असतो. त्या वेळी वाचवण्यासारखं फार थोडं उरतं.

म्हणून दुखण्याची वाट न पाहता काही खुणा घरीच पाहाव्यात. कॅपशेजारून फ्लॉस ओढताना धागा दर वेळी एकाच जागी फाटतो का. तिथून वास येतो का. बोटाने कॅप वर-खाली दाबली की काठाशी लाळेचे बुडबुडे दिसतात का, कारण बुडबुडे म्हणजे आतला मसाला निघालाय आणि कॅप हलतेय. एकाच दाताभोवती हिरडी काळसर-लाल आणि फुगलेली आहे का. यातलं काही असेल तर दाखवून घ्यावं, आणि काही नसलं तरी वर्षातून एकदा काठावरून प्रोब फिरवून घ्यावा.

मुलांच्या दुधाच्या दाढांवर जी चकचकीत स्टीलची कॅप बसवतात तिला मात्र हे मायक्रॉनचे नियम लावू नका. ती तयार मापांत डब्यात येते, साच्यातून ओतलेली नसते. तिचा काठ पक्कडीने आत वळवतात, आणि दाढेच्या फुगीर भागावरून ती टक् करून खाली बसते. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांच्या पद्धतीत तर दात न घासता, कीड न कोरता ती कॅप मसाल्यासह दाबून बसवतात आणि कीड आतच कोंडतात. सुरुवातीला चावा उंच लागतो, काही आठवड्यांत जुळतो. मोठ्यांच्या हिशेबाने हा काठ गबाळा आहे, पण दुधाची दाढ दहा-बारा वर्षांच्या वयात पडणारच असते, तोवर तो पुरतो. आठवडी बाजारात असंच तयार कवच मोठ्या माणसाच्या पक्क्या दाढेवर ठोकून देणारे भेटतात, ते वेगळं प्रकरण. दंतवैद्य कायदा 1948 सालीच झाला आणि नोंदणीशिवाय हा धंदा करता येत नाही. शिवाय त्या कवचाचा काठ हिरडीत कुठे जातो हे बसवणारालाही माहीत नसतं. पैशांची अडचण असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारी मुलं काम करतात, खेपा जास्त होतात, पण पायरी, माप, काठ प्रत्येक टप्प्यावर त्यांचे शिक्षक तपासतात. माझ्या मते ही खेपांची किंमत वाजवी आहे.

एक राहिलंच. ज्या बाईला नकली दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने अंगावर खाज सुटते तिला निकेल चालत नसण्याची शक्यता असते. अशांनी आधीच सांगावं आणि बिननिकेलचा धातू किंवा झिर्कोनिया (बिनधातूचं पांढरं कवच) मागावा.

आणि कॅप निघालीच, तर ती गोंदाने घरी चिकटवू नका. तिरकी बसते, तशीच आवळते, आणि मग ती काढताना दात मोडतो. डबीत ठेवा, जमेल तितक्या लवकर घेऊन या, मधल्या दिवसांत त्या बाजूने चावू नका. खाली दात शाबूत असेल आणि काठ अजून जुळत असेल तर तीच कॅप साफ करून नव्या मसाल्याने परत बसते. खाली कीड निघाली तर दात नव्याने बांधून माप पुन्हा घ्यावं लागतं, आणि जुनी कॅप मग कितीही चकचकीत असली तरी त्या दाढेला उपयोगाची राहत नाही.